छातीत कळ, कागदावरचा आकडा आणि नागपूरचा रस्ता

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. रात्रीचे अकरा वाजले आहेत. अहेरीकडच्या एका रुग्णालयात बाहत्तर वर्षांच्या गृहस्थांना आणले आहे. संध्याकाळपासून छाती दडपल्यासारखी वाटते आहे, अंगाला घाम सुटला आहे, डावा खांदा जड झाला आहे. ईसीजी काढून झाला, रक्त तपासणीला गेले. बाहेरच्या बाकावर मुलगा आणि सून बसून आहेत. डॉक्टर दाराशी येताच मुलगा उठून विचारतो, “डॉक्टरसाहेब, आज रात्रीच नागपूरला न्यावे लागेल, की सकाळपर्यंत थांबता येईल?”

प्रसंग कल्पिलेला आहे; प्रश्न मात्र चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील असंख्य घरांच्या ओळखीचा आहे. शहरात हृदयविकार तज्ज्ञ आणि अँजिओग्राफीची सोय पंधरा-वीस मिनिटांवर असते, तेथे तो फारसा विचारावा लागत नाही. ज्या जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाने व्यापला आहे आणि जेथे सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाण गाठायलाच दोनशेहून अधिक किलोमीटर जावे लागते, तेथे उपचाराचा निम्मा विचार रस्त्याचाच असतो. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७०, तर चंद्रपूरहून सुमारे १५० किलोमीटर आहे.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी डॉक्टरांपाशी दोन साधने असतात. एक म्हणजे धोक्याचा गुणांक. तो कागद-पेन्सिलीने किंवा मोबाइलवर चार मिनिटांत मांडता येतो. दुसरे म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे चित्र, अर्थात अँजिओग्राफी; त्यासाठी सुसज्ज कॅथलॅब लागते. पहिले साधन अहेरीत आहे, दुसरे दूर आहे. दुसऱ्यासाठी किती घाईने निघावे हे पहिले साधन सांगते. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात राहिली, तर संकटाच्या रात्री आपण डॉक्टरांशी अधिक समजून बोलू शकाल.

आधी ईसीजी, मग गणित

छातीत दुखू लागलेल्या रुग्णाचा ईसीजी, तो दवाखान्यात पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघावा अशी अपेक्षा असते. त्या पट्टीवरून डॉक्टर रुग्णांचे दोन गट पाडतात.

पहिल्या गटात ईसीजीमधील एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसतो. हृदयाची एखादी मोठी रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीने पूर्ण बंद झाल्याची ती खूण असते. या झटक्याला स्टेमी म्हणतात. येथे गुणांक मांडत बसायचे नसते. वाहिनी उघडणे हेच काम, आणि जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाबरोबर हृदयाचा स्नायू निकामी होत असतो.

दुसऱ्या गटात एसटी भाग वर उचललेला नसतो. तो खाली झुकलेला असू शकतो, किंवा पट्टी जवळजवळ सरळही असते. रक्तातील ट्रोपोनिन वाढले असेल, तर हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे. हा एनस्टेमी प्रकारचा झटका. ट्रोपोनिन वाढले नसेल, पण दुखणे नवे, वाढते किंवा बसल्या जागी येणारे असेल, तर तो अस्थिर हृदयशूळ. या गटात वाहिनी बहुधा पूर्ण बंद नसते, पण केव्हाही होऊ शकते. काही रुग्ण औषधांनी दोन दिवसांत सावरतात, काही त्याच रात्री कोसळतात. दोघांची पट्टी वरवर सारखीच दिसू शकते. त्यांना वेगळे ओळखावे कसे, या अडचणीतून गुणांक जन्माला आले.

ट्रोपोनिनविषयी एक सूचना. इजा सुरू झाल्यावर ते रक्तात दिसण्याइतके वाढायला काही तास लागतात. म्हणून पहिली चाचणी ठीक आली तरी डॉक्टर काही तासांनी दुसरी सांगतात. “एकदा केली ना, पुन्हा कशाला?” असे म्हणून ती टाळू नये.

गुणांकाचे गणित

सर्वांत प्रचलित गुणांकाचे नाव ग्रेस. १९९९ साली सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीतून तो तयार झाला. १४ देशांतील ९४ रुग्णालयांत दाखल झालेल्या हजारो हृदयरुग्णांच्या नोंदी तपासून, रुग्णालयातच मृत्यू येण्याशी कोणत्या गोष्टींचा संबंध आहे हे शोधण्यात आले. आठ गोष्टी ठळक ठरल्या : वय, नाडीचा वेग, वरचा रक्तदाब, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, फुप्फुसात पाणी साचण्यासारख्या हृदय थकल्याच्या खुणा, येताना हृदय बंद पडले होते का, ईसीजीतील एसटी भागाचा बदल आणि ट्रोपोनिनसारख्या घटकांची वाढ. प्रत्येकीला ठरावीक गुण आहेत. त्यांची बेरीज म्हणजे गुणांक.

आपल्या गृहस्थांचेच गणित मांडू. वय बाहत्तर, त्याचे ७५ गुण. नाडी मिनिटाला ९६, त्याचे १५. वरचा रक्तदाब १३०, त्याचे ३४. क्रिएटिनिन १.३, त्याचे १०. एसटी भाग खाली झुकलेला, त्याचे २८. ट्रोपोनिन वाढलेले, त्याचे १४. फुप्फुसे स्वच्छ आहेत आणि हृदय थांबलेले नव्हते, म्हणून तेथे शून्य. बेरीज १७६. या गुणांकात १०८ पर्यंत धोका कमी, १०९ ते १४० मध्यम आणि १४० च्या पुढे जास्त मानतात. म्हणजे हे गृहस्थ जास्त धोक्याच्या गटात आले.

आता हीच लक्षणे आणि हेच आकडे अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाचे असते, तर वयाचे ७५ ऐवजी २५ गुण पडून बेरीज १२६ झाली असती, धोका मध्यम. केवळ वयाने पन्नास गुणांचे अंतर पडते. सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाचा गुणांक बहुधा मोठाच निघतो, हे घरच्यांनी आधीच जाणून असावे, म्हणजे आकडा ऐकून पायाखालची जमीन सरकणार नाही.

आणखी एक बाब अनेकांना चकवते. रक्तदाब वाढणे वाईट, एवढेच आपण ऐकलेले असते. या गणितात मात्र रक्तदाब जितका कमी, तितके गुण अधिक. वरचा रक्तदाब १३० असता ३४ गुण, तर तो ९२ वर घसरला की ५३. कारण झटक्याच्या वेळी घसरलेला रक्तदाब सांगतो की हृदयाचा पंप थकत चालला आहे. “प्रेशर तर कमीच आहे, मग काळजी कसली?” हा दिलासा अशा रात्री फसवा ठरतो.

ग्रेसखेरीज आणखी दोन गुणांकांची नावे कानावर येतील. २००० साली मांडलेला टिमी गुणांक सोपा आहे; त्यात सात प्रश्न आणि प्रत्येकाला एक गुण. वय पासष्ट किंवा अधिक आहे का, चोवीस तासांत दोनदा तरी दुखले का, गेल्या आठवड्यात अ‍ॅस्पिरिन घेतली होती का, अशा स्वरूपाचे ते आहेत. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २००८ साली मांडलेला हार्ट गुणांक तातडीच्या कक्षात उपयोगी पडतो. दुखण्याची हकिकत, ईसीजी, वय, जोखमीच्या सवयी व आजार, आणि ट्रोपोनिन या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. तीनपर्यंत बेरीज असेल तर रुग्णाला लवकर घरी पाठवण्याचा विचार करता येतो. सात किंवा अधिक असेल तर तातडी असते.

“जास्त धोका” म्हणजे किती?

“पेशंट हाय रिस्क आहे” हे वाक्य ऐकून घरात रडारड सुरू होते. म्हणून त्यामागचा अर्थ पाहू. ग्रेसच्या मूळ नोंदींत १४० गुणांक असलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तीन जण रुग्णालयात दगावले. १७६ च्या आसपास ही संख्या आठ-नऊ होती. म्हणजे आपल्या गृहस्थांसारख्या शंभरांपैकी नव्वदहून अधिक जण घरी परतले, आणि तेही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या उपचारांवर. आकडा गंभीर आहे, परंतु आशा सोडावी असा नाही.

गुणांकाच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. तो समूहाविषयी बोलतो, आपल्या वडिलांविषयी नेमके भाकीत करीत नाही. ज्या १४ देशांच्या नोंदींतून तो आधी घडला, त्यांत भारत नव्हता. रुग्णालय किती दूर आहे, घरी कोण सांभाळणार आहे, रुग्ण काल-परवापर्यंत शेतावर चालत जात होता की वर्षभर अंथरुणाला खिळून होता, हे त्या आठ प्रश्नांत येत नाही. आणि तरुण वयाचा माणूस या गणितात हमखास कमी गुणांचा ठरतो. गडचिरोलीच्या गावागावांत काम केलेले डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराने गाठले तेव्हा ते चाळिशीत होते. त्या अनुभवावर त्यांनी लिहिलेले ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. कमी गुण म्हणजे आजार नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

म्हणूनच काही खुणा दिसल्या की डॉक्टर बेरजेची वाट पाहत नाहीत. औषधे देऊनही दुखणे न थांबणे, रक्तदाब घसरणे, फुप्फुसात पाणी साचून धाप लागणे, हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडणे, यांपैकी काहीही असेल तर दोन तासांच्या आत वाहिनीचे चित्र काढावे, असे शास्त्र सांगते. या खुणा नसतील, पण गुणांक १४० च्या पुढे असेल, तर साधारण चोवीस तासांच्या आत. त्याहून कमी धोका असेल तर घाई नसते. त्याच मुक्कामात सवडीने चित्र काढता येते किंवा आधी दुसरी तपासणी करता येते.

अहेरीच्या त्या मुलाला आता उत्तर मिळते. दुखणे थांबले आहे, रक्तदाब स्थिर आहे, गुणांक १७६ आहे. रक्त पातळ ठेवणारी औषधे सुरू करून, डॉक्टर सांगतील त्या वेळी, डॉक्टर आणि ऑक्सिजन असलेल्या रुग्णवाहिकेतून निघावे. मात्र उद्याचा दिवस मावळू देऊ नये. “आता बरे वाटते, सोमवारी बघू” ही सवड या आकड्यात नाही.

पडद्यावरचे चित्र

हृदयाच्या वाहिन्यांत थेट रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांवर त्यांचे चित्र घेण्याची पद्धत अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांनी १९५८ साली प्रथम अवलंबिली. आज ती बहुधा मनगटाच्या धमनीतून करतात. मनगट बधिर करून बारीक नळी हृदयापर्यंत नेली जाते. रुग्ण जागा असतो आणि पडद्यावर वाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या उमटतात. जेथे फांदी अरुंद झाली आहे तेथे अडथळा. त्याच बैठकीत फुगा व स्टेंटने तो उघडता येतो. फुग्याने वाहिनी उघडण्याचा पहिला प्रयोग आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ च्या सप्टेंबरमध्ये झ्युरिक येथे केला होता.

कागदावरचा गुणांक आणि पडद्यावरचे चित्र यांचे नाते काय? ज्यांचा गुणांक अधिक, त्यांच्या वाहिन्यांत अडथळेही अधिक आढळण्याकडे कल असतो. पण हे नाते सैल आहे. मोठा गुणांक असूनही एकच अडथळा निघतो. लहान गुणांकामागे तिन्ही वाहिन्या खराब निघतात. हे स्वाभाविक आहे. गुणांक रुग्णाची तब्येत पाहतो, वाहिनी पाहत नाही. चित्र वाहिनी दाखवते, तब्येत दाखवत नाही. तेही केवळ वाहिनीच्या आतील वाट दाखवते. भिंतीत दडलेला मेदाचा थर त्यात नीट दिसत नाही. शंका असेल तेथे वाहिनीच्या आत ध्वनिलहरींची किंवा प्रकाशाची सूक्ष्म तपासणी करतात, अथवा अडथळ्यापलीकडचा रक्ताचा दाब मोजतात.

चित्र काढल्यावर आणखी एक आकडा ऐकू येईल : सिंटॅक्स. हा वाहिन्यांच्या गुंतागुंतीचा गुणांक आहे, रुग्णाच्या धोक्याचा नव्हे. २२ पर्यंत गुंतागुंत कमी, ३३ पासून पुढे जास्त मानतात. स्टेंट पुरेल की बायपास शस्त्रक्रिया बरी, हे ठरवताना त्याचा आधार घेतात. ग्रेसचा १७६ आणि सिंटॅक्सचा २० शेजारी ठेवून “आकडा कमी झाला” असे समजणारे नातेवाईक असतात. दोन्ही मापे वेगळी आहेत. आरोग्य तपासणीतील ‘कॅल्शियम स्कोअर’ ही तिसरीच गोष्ट. तो दुखणे नसलेल्या माणसाच्या भविष्यातील धोक्याचा अंदाज असतो. छातीत कळ आलेली असताना त्याच्या जुन्या कागदावर विसंबून राहू नये.

वृद्धांच्या बाबतीत चित्र काढण्याचे तोटेही मोजावे लागतात. रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर ताण पडतो, म्हणून क्रिएटिनिनचा आकडा येथे पुन्हा महत्त्वाचा ठरतो. उन्हाळ्यात मोहफुले किंवा तेंदूपाने वेचून आलेल्या, पाणी कमी प्यालेल्या वृद्धाची नाडी वाढलेली आणि क्रिएटिनिन चढलेले असू शकते. शिरेतून द्रव देऊन, काही गोळ्या थांबवून मूत्रपिंड जपता येते. हृदय थकलेले असेल तर तेही बेतानेच.

रस्ता लांब असेल तेव्हा

आता पहिल्या गटाकडे, स्टेमीकडे वळू, कारण तेथे अंतराची किंमत सर्वाधिक असते. शास्त्राचा नियम सोपा आहे. निदानापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होऊ शकत असेल तर ती करावी. होऊ शकत नसेल, तर आहे तेथेच, निदानानंतर दहा मिनिटांत, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावे आणि मग पुढे न्यावे. इंजेक्शन लागू पडले तर दोन ते चोवीस तासांत, न पडले तर लगेच अँजिओग्राफी. दुखणे सुरू होऊन बारा तास उलटण्याआधीच या इंजेक्शनचा लाभ असतो, आणि पहिल्या दोन-तीन तासांत तो सर्वाधिक.

भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथून दोन तासांत नागपूर गाठता येत नाही. म्हणून तेथील रुग्णासाठी जवळच्या रुग्णालयातील ते इंजेक्शन हाच जीव वाचवणारा पहिला उपचार ठरतो. “येथे काय होणार, थेट नागपूरलाच नेऊ” असे म्हणून जवळचे रुग्णालय ओलांडून पुढे जाणे ही आपल्याकडची सर्वांत महागडी चूक आहे. सिरोंचाकडची मंडळी तेलंगणातील वरंगल-करीमनगरकडे जातात. त्यांनाही हेच लागू.

देशभरच्या अनुभवाचा पुरावा पाहा. ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रुग्णांचा ‘क्रिएट’ नावाचा भारतीय अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्टेमीच्या रुग्णांना दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मध्यम वेळ ३६० मिनिटांचा, म्हणजे सहा तासांचा होता. रुग्णालयात पोहोचल्यावर इंजेक्शन मिळायला लागलेली मिनिटे पन्नास. म्हणजे वेळ वाया गेला तो मुख्यतः घरी आणि वाटेवर. याच अभ्यासात गरीब रुग्णांचा तीस दिवसांतील मृत्यूदर ८.२ टक्के आणि संपन्न रुग्णांचा ५.५ टक्के आढळला. उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर हे अंतर उरले नाही. गरिबीपेक्षा न मिळालेला उपचार जीव घेत होता.

हे बदलता येते, हे तामिळनाडूने दाखविले. तेथे लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांना जोडून ईसीजी दूरवरून वाचण्याची, इंजेक्शन देऊन रुग्ण पुढे पाठवण्याची साखळी उभारली. २,४२० रुग्णांच्या या अभ्यासात वर्षभरातील मृत्यूदर १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आला. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानेही याच धर्तीवर स्टेमी प्रकल्प हाती घेतला आहे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी दूरच्या तज्ज्ञाला दाखवण्याची सोय आहे का, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन उपलब्ध असते का, हे आज, सर्व ठीक असताना, विचारून ठेवावे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथीलही चौकशी करून ठेवावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. भाड्याच्या जीपमध्ये तो नसतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. जुना हृदयविकार असलेल्या व्यक्तीला त्या दिवसांत कळ आली, तर “पाणी उतरू दे” म्हणण्याआधी जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा.

ऐंशीच्या पुढे

“आता या वयात कशाला टोचाटोची?” आणि “काहीही करा, पण सगळे करा” या दोन वाक्यांच्या मध्ये वृद्ध रुग्णाचे हित असते. गुणांकाचा एक विचित्र अनुभव जगभर आहे : ज्यांचा धोका सर्वाधिक, त्यांनाच, वय पाहून, पुढचे उपचार कमी दिले जातात.

नॉर्वेतील २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऐंशी व त्यापुढील वयाचे, स्टेमी नसलेले ४५७ रुग्ण होते. अँजिओग्राफीच्या गटात पुन्हा झटका, तातडीची अँजिओप्लास्टी किंवा बायपास, पक्षाघात किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी ४०.६ टक्के जणांना झाले. केवळ औषधांच्या गटात ६१.४ टक्के जणांना. त्यानंतर २०२४ मध्ये ब्रिटनमधील पंचाहत्तरी ओलांडलेल्या १,५१८ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात अशक्त, अनेक आजार असलेले वृद्धही होते. चार वर्षांच्या पाठपुराव्यात हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे निघाले, २५.६ आणि २६.३ टक्के, जीवघेणे नसलेले झटके मात्र अँजिओग्राफीच्या गटात कमी होते, १५ ऐवजी ११.७ टक्के.

यातून दिसते ते असे की केवळ वयामुळे चित्र नाकारू नये आणि केवळ गुणांकामुळे ते लादूही नये. स्टेमी नसलेल्या, स्थिर झालेल्या वृद्धाच्या बाबतीत विचार करायला काही तास मिळतात. ते तास त्या व्यक्तीशीच बोलण्यात घालवावेत. “आबा, तुम्हाला काय हवे?” हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही.

घरच्यांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी

गुणांक डॉक्टर मांडतात. पण त्यात न बसणारी, तरीही निर्णय फिरवणारी माहिती सांभाळणाऱ्यापाशी असते.

पहिली, पूर्वी झालेला पक्षाघात. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातील १,५९९ मृत्यूंचा मागोवा घेतला, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण आढळले; २२९ जण, म्हणजे १४.३ टक्के, त्याने दगावले होते. येथील अनेक वृद्धांना लहान-मोठा पक्षाघात होऊन गेलेला असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मेंदूत रक्तस्राव घडवू शकते. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ते देत नाहीत. रक्तदाब फार चढलेला असेल तर आधी उतरवतात. पंचाहत्तरीनंतर काही इंजेक्शनांची मात्रा निम्मी करतात. “तीन वर्षांपूर्वी तोंड वाकडे झाले होते” हे वाक्य डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.

दुसरी, खर्रा. “बिडी-सिगारेट ओढता का?” याला प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असते आणि जोखमीच्या रकान्यात शून्य पडते. खर्ऱ्यातही तंबाखूच आहे. तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक असल्याचे अनेक देशांत झालेल्या अभ्यासाने दाखविले आहे. न विचारता सांगावे.

तिसरी, सिकलसेल आणि रक्तक्षय. आपल्या भागात दोन्ही आढळतात. सिकलसेलमध्ये छातीत तीव्र दुखू शकते. त्याचे उपचार निराळे आहेत. हिमोग्लोबिन फार कमी झाले तर वाहिनी बंद नसतानाही हृदयावर ताण येऊन ट्रोपोनिन वाढू शकते. कुटुंबातील सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे.

चौथी, दुखण्याची नेमकी वेळ. वृद्धांत, स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीत कळ न येता नुसती धाप, घाम, मळमळ, पोटाच्या वरच्या भागातील जळजळ किंवा अचानक आलेला गोंधळ एवढेच दिसू शकते. “गॅस झाला असेल” म्हणून ओवा देण्यात तास जातो. कधीपासून, किती वेळा, चालताना की बसल्या जागी, हे घड्याळ पाहून लिहून ठेवावे.

सांभाळणाऱ्याच्या पिशवीत

एक जाड प्लास्टिकची पिशवी दाराजवळ टांगून ठेवावी. तिच्यात जुना ईसीजी असावा. नव्या पट्टीशी ताडून पाहायला त्याच्यासारखे साधन नाही. क्रिएटिनिन व हिमोग्लोबिनचा शेवटचा अहवाल, चालू गोळ्यांची यादी, पूर्वीच्या स्टेंटचे कार्ड, रेशनकार्ड आणि आधार ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी व बायपास येतात. ही योजना २०१२ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. कोणते रुग्णालय तिच्यात आहे, हे १५५३८८ या क्रमांकावर आधीच विचारावे. तेथील आरोग्यमित्र कागदपत्रांत मदत करतो. स्टेंटच्या किमतींवर केंद्र सरकारने २०१७ पासून मर्यादा घातली आहे. तेव्हा औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली होती. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवावी असे निःसंकोच सांगावे.

कळ आली तर चालवत नेऊ नये. बसवावे, १०८ ला फोन करावा. अ‍ॅस्पिरिनचे वावडे नसेल, पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला नसेल, तर फोनवरील डॉक्टरांना विचारून तीनशे मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खायला द्यावी. जिभेखालची गोळी रक्तदाब घसरलेला असताना घातक ठरू शकते. ती कोणा शेजाऱ्याच्या डबीतून घेऊ नये.

आणि डॉक्टर दाराशी आले की तीन प्रश्न विचारावेत : ईसीजीत एसटी वर उचललेला आहे का? धोक्याचा गुणांक किती आला? त्यानुसार वाहिनीचे चित्र किती तासांत काढायला हवे? या तीन उत्तरांवरून रात्रीच निघायचे की पहाटे, हे आपल्यालाही कळेल. रस्ता तेवढाच लांब राहील. पण तो केव्हा धरायचा, याचा निर्णय अंधारात होणार नाही.